हातगाडीची छत्री: बनवायला सोपी, दुरुस्तीला त्याहून सोपी

कोल्हापुरात आमचं छोटंसं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एका उन्हाळ्यात भाजीची गाडी लावणाऱ्या मावशी त्यांची मोठी छत्री घेऊन आल्या. आठ काड्यांपैकी एकच मोडली होती. "दादा, एक काडी मोडली म्हणून अख्खी छत्री टाकायची का?" त्यांनी विचारलं. मी छत्री उलटीसुलटी करून पाहिली. काडी दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या चकतीत अडकवलेली होती, चकती दांड्याला कायमची ठोकलेली, आणि त्या मापाची काडी बाजारात सुटी मिळत नव्हती. वेल्डिंग करून दिलं, ते आठ दिवस टिकलं.

तेव्हापासून मी छत्र्यांच्या मागे लागलो. जी वस्तू बनवायला किचकट असते ती दुरुस्तीलाही किचकटच असते, हे तिथे कळलं. चार-पाच नमुने बनवल्यावर जो आराखडा हाती आला तो इथे क्रमाने देतो. ड्रिल, कटर, साधं वेल्डिंग मशीन आणि जाड कापड शिवणारं शिलाई मशीन एवढं ज्याच्याकडे आहे, किंवा शेजारच्याकडे आहे, त्याला हे जमेल. सगळा लेख एका सूत्रावर उभा आहे: आधी बाजारात कच्चा माल कोणत्या मापात मिळतो ते पाहायचं आणि छत्रीची मापं त्यातून काढायची. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. "सात फुटी छत्री हवी" असं ठरवून पाइप कापायला बसलो आणि दर पाइपमागे हातभर तुकडा वाया घालवला.

आधी शब्दांचं ठरवू. मधला उभा पाइप म्हणजे दांडा. कापड ज्यांच्यावर ताणलं जातं त्या काड्या. काडीला खालून उचलून धरणारा आखूड पाइप, त्याला मी टेकू म्हणतो. दांड्याच्या माथ्यावर काड्या जिथे जोडल्या जातात तो वरचा बुश, आणि टेकू ज्याला जोडलेले असतात व जो दांड्यावर वर-खाली होतो तो सरकता बुश.

काड्या किती?

नवीन माणूस आठ काड्या धरतो, कारण हातातली छत्री आठ काड्यांची असते. पण प्रत्येक काडीमागे तीन सांधे येतात: वरच्या बुशाशी एक, टेकूशी एक, टेकूचा सरकत्या बुशाशी एक. आठ काड्यांना २४ सांधे, सहाला १८, चारला १२. छत्री बनवायचा वेळ या सांध्यांतच जातो.

मग चारच का नकोत? केंद्रापासून टोकापर्यंतचं अंतर र धरलं तर चौकोनी छत्रीची सावली २ र², षटकोनी छत्रीची साधारण २.६ र² आणि अष्टकोनी छत्रीची २.८३ र² पडते. म्हणजे सहावरून आठवर गेल्याने सावली जेमतेम नऊ टक्के वाढते आणि सांधे मात्र सहा वाढतात. उलट चारवर आलो तर तेवढ्याच सावलीसाठी काडी बरीच लांब करावी लागते, प्रत्येक काडीवरचा भार दीडपट होतो, मग पाइप जाड लागतो आणि छत्री मावशींना उचलवत नाही. सहा हा आकडा इथे पक्का झाला. त्याला आणखी एक कारण आहे, ते बुश बनवताना सांगतो.

पाइप: सहा मीटरचा हिशेब

काड्या आणि टेकू दोन्हीसाठी अर्धा इंची चौकोनी पाइप घ्या, दुकानात चार सुती म्हणून मागितला तरी मिळतो. पत्रा १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी. चौकोनी घेण्याची कारणं दोन. गोल पाइपवर ड्रिलचं टोक घसरतं, चौकोनीवर घसरत नाही. दुसरं ताकदीचं: त्याच बाहेरच्या मापाचा आणि त्याच जाडीचा चौकोनी पाइप गोलपेक्षा वाकण्याला सुमारे १.७ पट जास्त टक्कर देतो, आणि वजन मात्र सव्वापटच वाढतं.

पाइप सहा मीटरच्या लांबीत येतो. आता काडी १२०० मिमी आणि टेकू ६०० मिमी असं ठरवावंसं वाटतं, कारण भागाकार सरळ जातो. इथेच फसगत होते. कटरचं चाक प्रत्येक कापाला साधारण ३ मिमी पाइप खातं. दहा तुकड्यांना नऊ काप, म्हणजे २७ मिमी गेले, आणि शेवटचा तुकडा आखूड येतो. म्हणून टेकू ५९५ मिमी आणि काडी त्याच्या बरोबर दुप्पट, ११९० मिमी. एका पाइपमधून दहा टेकू किंवा पाच काड्या निघतात, हाती चिमूटभर तुकडा उरतो. पाइप आणल्यावर त्याची लांबी एकदा टेपने मोजून मगच पहिला काप घ्या.

या दुपटीचा फायदा कागदावर मांडून पाहा. एका छत्रीला सहा काड्या आणि सहा टेकू, म्हणजे ५९५ मिमीचे १८ वाटे. दोन पाइपमध्ये २० वाटे निघतात. उरलेल्या दोन वाट्यांची एक जादा काडी होते, ती छत्रीबरोबरच द्यायची. पाच छत्र्या एकदम करणार असाल तर ९० वाटे, नेमके नऊ पाइप, उरणार काही नाही. सहा पाइप काड्यांना, तीन टेकूंना.

दांड्यासाठी दीड इंची गोल पाइप. तोही सहा मीटरचाच, त्याचे १९९० मिमीचे तीन तुकडे करा. "दोन मीटरच्या दांड्याने छत्री डोक्याला लागेल" असं म्हणाल. लागत नाही, कारण दांडा जमिनीवर उभा राहत नाही. तो गाडीच्या चौकटीला जोडलेल्या नळीत बसतो, आणि त्या नळीचा तळ जमिनीपासून साधारण ३५ सेंटिमीटरवर ठेवायचा. मग काड्यांची टोकं जमिनीपासून १.९ मीटरच्या आसपास येतात आणि गिऱ्हाईक न वाकता उभं राहतं.

एकच यू-क्लिप, अठरा वेळा

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळी सोय इथे आहे.

माझ्या पहिल्या नमुन्यात मी काडीच्या पोटाला भोक पाडून टेकू थेट त्यात बोल्टने जोडला. छत्री छान उघडली, फोटो काढला, आणि मिटायला गेलो तर मिटेना. मिटताना काडी आणि टेकू दोघांनाही दांड्याला समांतर व्हायचं असतं, आणि मी दोघांना एकाच जागेत उभं राहायला सांगितलं होतं. छत्री अर्धवट मिटून तिथेच अडली. हाच प्रश्न हातातल्या छत्रीत इंग्लंडच्या सॅम्युअल फॉक्सने १८५२ मध्ये आणलेल्या पोलादी काडीने सुटतो: तिचा छेद पन्हाळीसारखा असतो, ताकद तर येतेच, शिवाय मिटताना आतली काडी त्या पन्हाळीत जाऊन बसते. तशी पन्हाळी आपल्याकडे वर्कशॉपात काढणं अवघड. आपण टेकूला काडीच्या थोडं खाली टांगायचं.

त्यासाठी १६ गेज पत्र्याची २५ मिमी रुंद पट्टी घ्या, साधारण ८३ मिमीचे तुकडे करा आणि इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवा. आतली रुंदी १३.५ मिमी, दोन्ही पाय आतून ३४ मिमी. वाकवायला अर्धा इंची चौकोनी भरीव सळई घेऊन तिला पातळ पत्र्याचं अस्तर लावलं की नेमकं माप मिळतं. पायांत दोन भोकं: एक आतल्या तळापासून ६.५ मिमीवर, दुसरं २६ मिमीवर. दोन्ही ५.५ मिमीची. भोकं वाकवल्यानंतरच पाडा, ड्रिल एका पायातून दुसऱ्यात आरपार गेलं पाहिजे. आधी सपाट पट्टीत भोकं पाडून मग वाकवली तर ती कधीच समोरासमोर येत नाहीत. मी वीस क्लिपा अशाच भंगारात टाकल्या आहेत.

आता ही क्लिप तीन ठिकाणी वापरू.

काडीवर ती उलटी, म्हणजे तळ वर आणि पाय खाली अशी घोड्यावर खोगीर टाकावं तशी बसवायची. ६.५ मिमीच्या भोकातून बोल्ट काडीच्या आरपार जातो. क्लिपचा तळ काडीच्या पाठीवर टेकलेला असल्याने एकाच बोल्टवरही ती फिरत नाही. खाली लोंबणाऱ्या पायांतल्या दुसऱ्या भोकात टेकू येतो. काडीतलं भोक तिच्या दोन बाजूंच्या मध्यावर पडतं, आणि काडी वर-खाली वाकते तेव्हा त्या मध्यरेषेवर ताण जवळपास नसतो. त्यामुळे भोक पडूनही काडी कमजोर होत नाही. हेच भोक वरून खाली पाडलं असतं तर काडी पहिल्या वादळात तिथेच मोडली असती.

बुशावर हीच क्लिप आडवी, तळ बुशाच्या नळीला वेल्ड करून, पाय बाहेरच्या दिशेला. इथे फक्त २६ मिमीचं भोक वापरात येतं, पहिलं रिकामं राहतं. राहू दे. एका रिकाम्या भोकासाठी दुसऱ्या प्रकारची क्लिप बनवू नका. वरच्या बुशावर सहा, खालच्यावर सहा, काड्यांवर सहा: अठरा क्लिपा, एकच साचा, आणि त्यांना लागणारे २४ बोल्टही एकाच मापाचे, ५ मिमी जाड आणि २५ मिमी लांब, नायलॉक नटसह (आत नायलॉनचं कडं असलेला नट). नायलॉक नट का, तर साधा नट गाडीच्या हादऱ्याने सुटतो आणि घट्ट आवळला तर सांधा फिरत नाही. नायलॉक थोडा सैल ठेवला तरी जागचा हलत नाही.

दोन्ही बुश सारखेच

दांडा ज्यात एक-सव्वा मिलिमीटर मोकळा सरकेल अशी नळी शोधा. पावणेदोन इंच बाहेरच्या मापाची, जाड पत्र्याची नळी बहुधा जमते. दुकानात जाताना दांड्याचा तुकडा खिशात ठेवा आणि नळी घालूनच घ्या. ७५ मिमीचे दोन तुकडे कापा. लांबी दांड्याच्या जाडीच्या दुप्पट ठेवली आहे, ती कमी करू नका. आखूड बुश सरकताना तिरका होतो आणि दांड्यात अडकून बसतो. टेबलाचा आखूड ड्रॉवर एका हाताने ओढताना अडतो, तसंच.

आता सहाचं दुसरं कारण. या नळीचा बाहेरचा घेर साधारण १४० मिमी. एका क्लिपची रुंदी १६.७ मिमी. सहा क्लिपा लावल्या की दोन क्लिपांमध्ये साडेसहा मिमी जागा उरते, वेल्डिंगचं टोक तिथे पोचतं. आठ लावल्या तर मिलिमीटरभरही फट उरत नाही.

क्लिपा समान अंतरावर बसवायला कोनमापक लागत नाही. घेराएवढी कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा, जोडावर कापा, उलगडून दुमडीने सहा सारखे भाग करा, परत गुंडाळून खुणा उतरवा. आधी प्रत्येक क्लिपला एकेक टॅक (वेल्डिंगचा छोटा ठिपका) मारा, गुण्या लावून तपासा, मगच पूर्ण वेल्ड करा.

वरचा आणि सरकता बुश यांत फरक एवढाच, की वरच्याला दांड्यासकट आरपार एक ६ मिमी बोल्ट जातो आणि तो जागीच राहतो. दोन्हींवर क्लिपा सारख्याच अंतरावर आल्याने हिशेबही सोपा होतो.

भोक कुठे पाडायचं

काडीच्या आतल्या टोकापासून १० मिमीवर पहिलं भोक, हे वरच्या बुशात जाईल. टेकूचं भोक त्यापासून किती दूर?

मी तीन जागा करून पाहिल्या. ६०० मिमीवर पाडलं तर छत्री उघडल्यावर टेकू जवळपास आडवा, जेमतेम १४ अंशांत राहतो. आडवा टेकू भार उचलत नाही, नुसता दांड्याला ढकलत राहतो. ४५० वर पाडलं तर टेकू मस्त चढा येतो, पण काडीचा टेकूपुढचा भाग एवढा लांब होतो की वाऱ्यात झाडाच्या फांदीसारखा झुलतो. ५३० मिमी मला सगळ्यांत बरं वाटलं. काडी आडव्यापासून २० अंश उतरती धरली तर टेकू ३१ अंशांत येतो आणि टेकूपुढे ६५० मिमी काडी राहते. म्हणजे टोकापासून मोजून १० मिमी आणि ५४० मिमी अशी दोन भोकं. टेकूला दोन्ही टोकांपासून १० मिमी, म्हणजे भोकांत ५७५ मिमी अंतर.

ही भोकं प्रत्येक वेळी टेपने मोजून पाडू नका. लाकडी फळीवर एका टोकाला अडणी ठोका, ठरलेल्या अंतरावर ड्रिलसाठी भोक पाडलेले दोन लोखंडी ठोकळे पक्के करा. पाइप अडणीला टेकवला की दोन्ही भोकं एकाच बैठकीत पडतात. अशा फळीला जिग म्हणतात. काडीला एक जिग, टेकूला एक. टेकूच्या जिगमध्ये पाइप उलटा करून दुसरं भोक पाडायचा मोह टाळा, कारण मग कापण्यातली चूक भोकांच्या अंतरात उतरते. आणि ही चूक लहान राहत नाही: टेकू १ मिमीने लांब झाला तर काडीचं टोक पावणेतीन मिमीने उचललं जातं. सहा काड्यांत सहा वेगळ्या चुका झाल्या की कापडाला एकीकडे झोल पडतो आणि दुसरीकडे शिवण फाटते. आम्ही पहिल्या छत्रीचा दोष शिंप्याला देत होतो, तो ड्रिलचा होता.

भोकं झाल्यावर कानशीने बर, म्हणजे कडेला निघालेली पत्र्याची धार, काढा. हे कंटाळवाणं काम आहे, तरी सोडू नका. त्याच कडेवर पुढे कापड घासणार आहे.

जोडून झाल्यावर सरकता बुश वर ढकला. दोन्ही बुशांच्या पिनांमधलं अंतर ५०० मिमीच्या आसपास आलं की काड्या २० अंशांत असतील. तिथे सरकत्या बुशाच्या बुडाखाली दांड्याला ८ मिमीचं आरपार भोक पाडा आणि साखळीने बांधलेली लोखंडी खिटी घाला. स्प्रिंगची कळ लावू नका. ती बाहेरून विकत आणावी लागते, गंजते आणि बाजाराच्या दिवशीच दगा देते. खिटीच्या भोकावर १२ मिमी अंतरावर आणखी एक भोक ठेवा. नवं कापड महिनाभरात सैल पडतं, तेव्हा खिटी वरच्या भोकात घातली की छत्री पुन्हा ताठ. मिटायला बुश सुमारे ६०० मिमी खाली येतो, एवढी जागा दांड्यावर मोकळी हवी. बाजूच्या पिशव्या अडकवायचा हुक त्याच्या वाटेत लावू नका.

कापड

या मापांनी छत्रीच्या केंद्रापासून टोकापर्यंतचं आडवं अंतर ११५९ मिमी येतं. षटकोनाची बाजू तेवढीच असते, हा सहाचा तिसरा फायदा. एका पाकळीचा त्रिकोण असा: खालची बाजू ११५९, दोन तिरक्या बाजू १२३३, उंची १०८८ मिमी. सावली साडेतीन चौरस मीटर, म्हणजे ३७ चौरस फुटांच्या वर.

पण कापड या मापाने बेतू नका. दीड टक्का लहान बेता, म्हणजे ते ताणून बसेल. उंची १०७२ आणि खालची बाजू ११४२ मिमी. वरून शिलाईसाठी दोन्ही तिरक्या बाजूंना १२ मिमी माया आणि खाली २५ मिमी दुमड. दुमडीसकट उंची अकराशेच्या आतच राहते. ४४ इंची पन्ह्याचं कापड १११८ मिमी रुंद असतं. त्रिकोण एक सुलटा, एक उलटा असे पन्ह्यात शेजारी शेजारी बसतात, आणि प्रत्येकाची खालची बाजू कापडाच्या किनारीवर येते. किनार विणीतच पक्की असते, तिचे धागे निघत नाहीत. त्यामुळे खालची दुमड एकदाच घालायची, दोनदा नाही. ५८ इंची कापड घेतलं तर दर छत्रीमागे हातभर रुंद पट्टी फुकट जाते. दुकानदार रुंद कापड घ्यायचा आग्रह करील, ऐकू नका.

एका छत्रीला सव्वाचार मीटर कापड लागतं. दोन टोकांना जे अर्धे त्रिकोण उरतात त्यांतून माथ्याची टोपी, काडीच्या टोकांचे सहा खिसे आणि मिटल्यावर गुंडाळायची पट्टी निघते. दहा छत्र्या सलग बेतल्या तर हाच हिशेब छत्रीमागे ३.६ मीटरवर येतो.

कोणतं कापड? सुती कॅनव्हासखाली गार वाटतं, पण ते पावसाने भिजलं की जड होतं, आक्रसतं आणि नीट न वाळवता मिटलं तर काळं पडतं. रोज उघड्यावर राहणाऱ्या छत्रीला मी लेप दिलेलं घट्ट विणीचं पॉलिएस्टर घेतो. कापडावर यूपीएफ ५० असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आरपार येतो. लिहिलेलं नसेल तर कापड दुपारच्या सूर्याकडे धरून पाहा. विणीतून ठिपके दिसले तर परत ठेवा. धागा मात्र पॉलिएस्टरचाच. सुती धाग्याची शिवण एका उन्हाळ्यात विरते आणि कापड चांगलं असून छत्री उसवते.

शिवताना आधी दोन-दोन पाकळ्या जोडा, मग त्या तीन जोड्या एकमेकींना. माथ्याकडची टोकं एकत्र शिवायचा हट्ट धरू नका. सहा टोकं एका बिंदूत आणणं कसबी शिंप्यालाही जड जातं, आणि तिथे दांडा असल्याने त्याची गरजही नाही. सगळ्या पाकळ्यांची वरची टोकं सुमारे १० सेंटिमीटर छाटून टाका. मधे एक भोक राहील. त्यावर वाटीसारखी कापडी टोपी येईल, तिची कड तीन-चार ठिकाणीच टाचायची, बाकी मोकळी. या फटीतून खालची तापलेली हवा वर निघते आणि वाऱ्याचा दाबही थोडा सुटतो. शिवणीचं काम सोपं करायला गेलो आणि छत्री गारही झाली, याचा मला आजही आनंद आहे.

काड्यांवरच्या क्लिपा जिथे कापडाला टेकतात तिथे आतून रेक्झिनचा तळहाताएवढा तुकडा लावा. टोकांना प्लास्टिकची बुचं, आणि बुचाला एक बारीक भोक. मिटून उभ्या केलेल्या छत्रीच्या काडीत शिरलेलं पाणी त्यातून निघून जातं. लोखंडाला रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. कोकणात किंवा गोव्यात, खाऱ्या हवेत छत्री राहणार असेल तर सुरुवातीलाच गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या.

गाडीवर बसवणं आणि वारा

छत्री कलती करायचा सांधा हवा, अशी मागणी हमखास येते. सूर्य ४५ अंशांवर उतरला की सावली साधारण एक मीटर पूर्वेला सरकते आणि अर्धी भाजी उन्हात येते, हे खरं आहे. पण कलता सांधा हा छत्रीतला सगळ्यांत महागडा आणि सगळ्यांत आधी मोडणारा भाग असतो. त्याऐवजी गाडीच्या दोन्ही टोकांना दांड्यासाठी एकेक नळी वेल्ड करा. सकाळी छत्री एका नळीत, दुपारी उचलून दुसऱ्या नळीत. दोन नळ्यांचा खर्च एका कलत्या सांध्यापेक्षा कितीतरी कमी.

दांडा नळीत नुसता ठेवून चालणार नाही. वाऱ्याचा दाब काढायला आपल्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, सोपं सूत्र आहे: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणायचं, उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये येतं. ताशी ४० किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, दाब ७४ न्यूटन. तो पूर्ण दाब खालून कापडावर आला असं धरलं तर आपली छत्री सुमारे २६ किलोच्या जोराने वर उचलली जाते. ताशी ६० ला तोच आकडा ५९ किलो होतो. छत्रीचं स्वतःचं वजन दहा किलोच्या आसपास. म्हणून नळी आणि दांडा यांतून आरपार एक बोल्ट घाला आणि गाडीची चाकं दगडाने अडवा. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या आधी धुळीचा पहिला लोट दिसला की छत्री मिटायचीच, हे घेणाऱ्याला तोंडी सांगा. काड्या टिकतील, गाडी उलटली तर भाजी आणि माणूस दोन्ही खाली येतात.

पहिली छत्री विकू नका

ती स्वतःच्या दारात उभी करा. शंभर वेळा उघडा आणि मिटा. कुठे कुरकुरते, कुठे रंग खरवडला जातो, कुठला नट सुटतो ते खडूने त्या जागेवरच खुणा करून ठेवा. दोन बादल्या पाणी वरून ओता आणि ते कापडावर कुठे साचतं ते पाहा. जिथे साचेल त्या पाकळीच्या दोन काड्यांचे टेकू काढून भोकांतलं अंतर मोजा, बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं. मग ज्याला छत्री हवी आहे त्यालाच बोलावून एकट्याने उघडायला सांगा आणि तुम्ही हात मागे ठेवा. आमच्याकडे त्या चाचणीत कळलं की खिटीची साखळी आखूड आहे. मावशींची उंची माझ्यापेक्षा वीतभर कमी, त्यांचा हात बुशाला पोचत होता, पण दुसऱ्या हातातली खिटी भोकापर्यंत जात नव्हती. साखळी दोन कड्यांनी वाढवली.

त्यांच्या छत्रीबरोबर जादा काडी, दोन बोल्ट आणि ८ नंबरचा पाना दिला होता. पुढच्याच उन्हाळ्यात एका टेम्पोचा आरसा लागून काडी वाकली. दुपारी मी तिकडून गेलो तेव्हा नवी काडी बसलेली होती आणि वाकलेल्या काडीवर त्यांनी मेथीच्या जुड्या टांगल्या होत्या.